फ्युचर्सची ट्रेडिंग डायरी: या चुका टाळा

नव्या फ्युचर्स (पुढच्या तारखेचे वायदे सौदे) ट्रेडरच्या डायरीत बहुधा पाचच रकाने असतात: तारीख, खरेदी, विक्री, लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या), नफा-तोटा. हे सगळं ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये (सौद्यांच्या पावतीत) असतंच, आणि तुमच्यापेक्षा अचूक असतं. तिथे जे कधीच येत नाही ते डायरीत हवं. सौदा का घेतला, चुकलो तर कुठे बाहेर पडायचं (स्टॉपलॉस) ठरवलं होतं आणि खरंच तिथे पडलो का?

म्हणूनच सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बाजार बंद झाल्यावर डायरी भरणं. तोवर नफ्यातल्या सौद्याला 'ब्रेकआउट (भावाने पातळी तोडणं) ओळखला' हे कारण मिळालेलं असतं, आणि तोट्यातल्याला 'ऑपरेटरने (भाव हलवणाऱ्या बड्या खेळाडूने) स्टॉपलॉस उडवला'. त्यापेक्षा ऑर्डर टाकण्याआधी एक ओळ लिहा: कारण, स्टॉपलॉस, टार्गेट. घाईत सुचलेलं मोडकंतोडकं चालेल. पुढे स्टॉपलॉस सरकवलात तर जुना आकडा खोडू नका, नवा त्याच्या शेजारी वेळेसकट लिहा. दोन महिन्यांनी हेच सरकवलेले आकडे सगळ्यात जास्त बोलतात.

डायरी आणि लेजर (ब्रोकरकडचा खातेउतारा) जुळत नाही

इथे बहुतेक नवखे अडकतात, आणि कारण जवळजवळ नेहमी मार्क टू मार्केट असतं, म्हणजे उघड्या सौद्याचा नफा-तोटा रोजच्या भावाने खात्यात जमा-वजा होणं. समजा, बुधवारी निफ्टी फ्युचर २५,००० ला घेतला, लॉट ७५ चा धरू. त्या दिवसाचा सेटलमेंट भाव २४,९०० आला, की खात्यातून ७,५०० रुपये वजा. गुरुवारी २५,०६० ला विकला, की १२,००० जमा. लेजर पाहून डायरी भरणारा एक तोट्याचा दिवस आणि एक मोठ्या नफ्याचा दिवस लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात सौदा एकच, ६० अंकांचा, ४,५०० रुपयांचा. डायरीत सौद्यामागे एक ओळ ठेवा. रोजची वजा-जमा लेजरलाच सांभाळू द्या.

रोलओव्हरमध्ये याच्या उलट करावं लागतं. चालू महिन्याचा सौदा बंद आणि पुढच्याचा उघडा, असे कागदावर दोन सौदे दिसतात, पण विचार एकच असतो. दोन्ही ओळींना एकच क्रमांक द्या. पुढच्या महिन्याचा भाव वेगळा असतो, तेव्हा जुना स्टॉपलॉस तसाच उचलून ठेवू नका.

एवढं करूनही फरक उरला तर तो खर्चाचा: ब्रोकरेज, एक्सचेंजचे चार्जेस, जीएसटी, स्टँप ड्युटी, एसटीटी (रोखे व्यवहार कर). १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सच्या विक्रीवर एसटीटी ०.०२ टक्के झाला. त्या दराने वरच्या सौद्यात एसटीटीच सुमारे ३७६ रुपये, म्हणजे पाच अंक गेले. दर बदलतात, तेव्हा आकडा दरवेळी काँट्रॅक्ट नोटमधूनच घ्या. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरने असा खर्च सरासरी २६,००० रुपये केला होता. पाच-दहा अंकांवर स्काल्पिंग (झटपट छोटे सौदे) करणाऱ्याने तर खर्चाविना नफा लिहूच नये.

फक्त रुपयांत मोजणं

नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या करारांसाठी निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. तेवढेच अंक गमावून तोटा तिप्पट दिसू लागला. अंकही लिहा, आणि जोखमीच्या किती पट मिळालं तेही. ४० अंकांचा स्टॉपलॉस ठेवून ८० मिळाले तर दोन पट. ही मोजपट्टी लॉट बदलला तरी टिकते. एक्स्पायरीचंही (करार संपण्याच्या दिवसाचंही) तसंच. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारी आली, त्यामुळे 'गुरुवारी मला जमत नाही' असा जुना निष्कर्ष असेल तर तो पुन्हा तपासा.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. चिडून घेतलेला सौदा लिहायचा टाळणं (तोच आधी लिहा), तीस रकान्यांची एक्सेल शीट बनवून आठवड्यात कंटाळणं, आठ-दहा सौद्यांवरून पद्धत बदलणं.

शनिवारी अर्धा तास काढून डायरी वाचा, पण नफा-तोट्याचा रकाना झाकून. फक्त 'ठरवलं ते केलं का' यावर बरोबर किंवा फुली करत जा. मग रकाना उघडा आणि फुल्या असलेल्या सौद्यांची बेरीज वेगळी काढा.