जुन्या रायडिंग मोअरचा कार्बोरेटर उघडताय? या चुका टाळा

गवत कापायच्या, वर बसून चालवायच्या मोअरसाठी कार्बोरेटर दुरुस्तीचं किट आणलं, गॅसकेट बदलले, नीडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) नवी टाकली, सगळं आवळून झालं. इंजिन चोकवर सुरू होतं आणि चोक सोडला की गचके खात बंद पडतं. म्हणजे आधी होतं तसंच. मग शिव्या पडतात त्या किटला. पण किटमध्ये असतं काय? थोडं रबर, दोन-चार गॅसकेट, एखादी नीडल. बिघाड असतो सुईच्या टोकाएवढ्या वाटांमध्ये, आणि त्या किट बदलून मोकळ्या होत नाहीत.

कार्बोरेटरवर आधीच आळ घेऊ नका

इंजिन फिरवूनही सुरू होत नसेल तर प्लग काढून पाहा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर पोचत नाही. ओला असेल तर जास्त येतंय किंवा स्पार्क नाही. प्लग कोरडा असला तरी लगेच कार्बोरेटर सोडवू नका. इंजिन थंड असताना, प्लगची वायर काढून अर्थ करून, कार्बोरेटरकडचा पाइप एका बाटलीत धरा आणि इंजिन थोडं फिरवा. धार नीट येत नसेल तर दोष मागे आहे: फिल्टर तुंबलेला, पाइप आतून सोललेला, किंवा पंपाला क्रँककेसमधून जाणारी हवेची नळी तडकलेली. मोअर मजेत चालतो आणि काही वेळाने आपोआप बंद पडतो, अशी तक्रार असेल तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा चालवा. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीतून पेट्रोल उतरत नाही. यात कार्बोरेटरचा काहीच संबंध नसतो.

अनेक रायडिंग मोअरच्या बाऊलखाली (कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी वाटी) एक सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, असतो. चावी फिरवल्यावर तिथे ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर आधी त्याची वायर आणि 12 व्होल्टचा पुरवठा तपासा. हा सोलेनॉइड क्लीनरमध्ये बुडवायचा नाही.

सोडवण्याआधी फोटो काढा

फोटो काढणं सगळ्यांना माहीत असतं, पण काढला जातो तो लांबून. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) लिव्हरला ओळीने तीन-चार छिद्रं असतात. स्प्रिंग आणि लिंक नेमक्या कोणत्या छिद्रात आहेत, तेवढंच जवळून टिपा. एक छिद्र चुकलं की इंजिनाचा वेग वर-खाली व्हायला लागतो आणि तुम्ही मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू फिरवत बसता. स्प्रिंग ताणून काढू नका, लिंकला पीळ देऊ नका. कार्बोरेटर तिरपा करून त्याच छिद्रातून ती अलगद सोडवा.

आयडलची वाट: बहुतेक जण इथेच फसतात

मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं पितळी छिद्र) डोळ्यांना दिसतो, म्हणून तोच साफ होतो. इंजिन वर-खाली होतं, आयडलवर (रेस न देता, सर्वांत कमी वेगावर) टिकत नाही, चोक सोडला की मरतं, या तिन्ही तक्रारींच्या मागे बहुतेक वेळा आयडलची वाट असते. महिनोन्‌महिने साचलेलं पेट्रोल सुकून त्याचा तपकिरी चिकट थर तिथे बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, त्यामुळे बाऊलच्या तळाशी आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटीही दिसते. हा थर नुसत्या फवाऱ्याने निघत नाही. त्याला भिजू द्यावं लागतं.

थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) पाकळीच्या कडेशी, कार्बोरेटरच्या भिंतीत, दोन-तीन बारीक छिद्रं असतात. बऱ्याच जुन्या कार्बोरेटरमध्ये त्यांच्या बाहेरच्या बाजूला धातूची एक चपटी टिकली ठोकलेली असते, तिला वेल्श प्लग म्हणतात. ती न काढता केलेली सफाई अर्धीच. किटमध्ये नवी टिकली असेल तरच जुनी काढा. टोकदार टोच्या तिरपा धरून तिला भोक पाडा आणि उचका. सरळ खोल खुपसला तर मागच्या छिद्रांची वाट लागेल. नवी टिकली फुगीर बाजू बाहेर ठेवून सपाट पंचने हलकेच बसवा आणि कडेने नेलपॉलिश फिरवा.

टेकमसेह कंपनीच्या काही जुन्या इंजिनांमध्ये बाऊलचा नट हाच मुख्य जेट असतो. त्याच्या मधल्या भोकाशिवाय बाजूला, आट्यांजवळ, एक अगदी बारीक छिद्र असतं. आयडलचं पेट्रोल तिथूनच जातं. नट उजेडासमोर धरा आणि छिद्रातून उजेड आरपार दिसतो का पाहा.

जेटमध्ये ड्रिलचं पातं घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र किंचित मोठं झालं तरी इंजिन काळा धूर सोडतं. तांब्याच्या वायरीची एखादी तार पुरते. फवारा मारताना चष्मा लावाच. एका छिद्रात मारलेला क्लीनर भलत्याच छिद्रातून थेट तोंडावर येतो. क्लीनर आणि हवेचा दाब वापरण्याआधी फ्लोट (बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग), रबर आणि डायफ्राम (पातळ लवचीक पडदा) काढून ठेवा. क्लीनरने फुगलेली ओ-रिंग पुन्हा खाचेत बसत नाही.

फ्लोट आणि नीडल

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट गॅसकेटच्या पृष्ठभागाला समांतर दिसावा, हा ढोबळ अंदाज बऱ्याच मॉडेलना चालतो. पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत माप दिलं असेल तर तेच धरा. पितळी फ्लोटची जिभली वाकवताना नीडलवर जोर देऊ नका. प्लॅस्टिकच्या फ्लोटची जिभली बहुधा वाकवता येत नाही, तिच्या नादी लागू नका. नवी नीडल जुन्या सीटवर (नीडल जिथे टेकते ती जागा) बसवणं हीसुद्धा चूकच, सीट वेगळी मिळत असेल तर दोन्ही एकदम बदला.

मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहा. नोंद नसेल तर टेकल्यापासून 1 ते 1.5 फेरे बाहेर, इथून सुरुवात करा. आवळून बसवलात तर टोकाला खाच पडेल, मग कुठेही ठेवा, इंजिन नीट चालणार नाही.

जोडताना

मॅनिफोल्डचा जुना गॅसकेट पुन्हा वापरू नका, तिथून हवा शिरली की तक्रार तुंबलेल्या आयडलसारखीच दिसते. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहा. खूप ढिला असेल तर हवा तिथूनही शिरते आणि किटने ती थांबत नाही. अशा वेळी आख्खा कार्बोरेटर बदललेला बरा, पण इंजिनावर कोरलेला मॉडेल आणि टाइप नंबर जुळवूनच घ्या.

इंजिन चालू झाल्यावर वेग कमी वाटतो म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नका. अशा इंजिनांची वरची मर्यादा साधारण 3,600 आरपीएम असते, टॅकोमीटरशिवाय तिथे हात घालू नये.

आता एक रात्र पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून मोअर मोकळ्या जागी उभा करा. आसपास ठिणगी किंवा ज्योत नको. सकाळी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. पातळी वाढलेली असेल किंवा तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर नीडल गळते आहे. इंजिन फिरवू नका, कॉक बंद करा, तेल आणि फिल्टर बदला आणि बाऊल पुन्हा उघडा.