रवांडातील नरसंहाराचा स्मृतिदिन कसा पाळावा

७ एप्रिल १९९४ रोजी पूर्व आफ्रिकेतील रवांडात बहुसंख्य हुतू समाजातील जहाल गटांकडून अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल सुरू झाली आणि सुमारे शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसे मारली गेली. तिथे हा शोककाळ दरवर्षी ‘क्विबुका’ म्हणून पाळतात. किन्यारवांडा भाषेत त्याचा अर्थ ‘आठवणे’. शाळेत किंवा वाचनालयात हा दिवस पाळायचा असेल, तर दीड तास पुरतो. तयारी मात्र पंधरवडाभर आधी सुरू करावी.

निमंत्रणात ‘यादवी’ किंवा ‘टोळीयुद्ध’ असे शब्द नकोत. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये या दिवसाच्या नावात ‘तुत्सींविरुद्धचा नरसंहार’ हा स्पष्ट शब्दप्रयोग स्वीकारला, कारण मोघम शब्दांत कोणी कोणाला मारले हेच पुसले जाते. कत्तलीला विरोध करणारे अनेक हुतूही मारले गेले, हेही सांगावे.

कार्यक्रमाची सुरुवात आकड्यांनी करू नये, असा माझा आग्रह आहे. राजधानी किगालीच्या गिसोझी स्मारकात अडीच लाखांहून अधिक जणांचे दफन झाले आहे; पण तिथल्या मुलांच्या दालनात एकेका छायाचित्राखाली पाटी आहे आणि तिच्यावर वय, आवडता खाऊ, जिवलग मित्र आणि शेवटी मृत्यू कसा आला, अशा नोंदी आहेत. बारा वर्षांच्या एका मुलीला पोहणे आवडे, अंडी आणि बटाट्याचे तळलेले काप आवडत, आणि तिची जिवलग मैत्रीण म्हणजे तिची थोरली बहीण. अशा तीन-चार पाट्यांचा मजकूर मराठीत करून विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा आणि प्रत्येक वाचनानंतर क्षणभर थांबावे. नावांचे उच्चार आधीच घोटून घ्यावेत. मृताचे नाव अडखळत वाचले जाऊ नये.

सर्वाधिक वेळ हे घडले कसे, यासाठी राखावा. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी अशी नोंद आणली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच नोंद पाहून माणसे बाजूला काढली गेली. आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र तुत्सींना ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळे, म्हणत राहिले. शेजाऱ्याला झुरळ म्हणणे आणि त्याच्यावर कोयता उगारणे यांच्यामध्ये कोणते टप्पे येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाला काय करता आले असते, हे मुलांना विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत.

प्रेतांची छायाचित्रे दाखवू नयेत आणि मुलांना हुतू-तुत्सींच्या भूमिका देऊ नयेत. रवांडातील न्यामाता इथल्या, जिथे कत्तल झाली त्या चर्चमध्ये बाकांवर ठेवलेल्या मृतांच्या कपड्यांचे एक चित्र पुरेसे आहे. आठवीच्या खालच्या वर्गांसाठी तेही टाळावे. एखादे मूल हेलावले, तर त्याच्याजवळ बसायला एक शिक्षक मोकळा ठेवावा.

शाल-श्रीफळ, सत्कार आणि टाळ्या या दिवशी नसाव्यात. मेणबत्ती लावून मिनिटभर मौन पाळावे. पाट्यांचा फलक मात्र लगेच उतरवू नये. तो आठवडाभर राहू द्यावा आणि ज्यांना काही लिहावेसे वाटेल त्यांच्यासाठी शेजारी एक कोरी वही ठेवावी.