कॉलनीचा बगीचा चालवताना या चुका टाळा

इंदूरच्या एका मराठी वस्तीत मी अकरा वर्षं रहवासी संघाचा खजिनदार आहे. दर दोन वर्षांनी नवी कार्यकारिणी येते, फीत कापायची घाई करते आणि जुन्याच खड्ड्यात पडते.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे जमलेले सगळे पैसे उद्घाटनाआधीच उडवणे. एका वर्षी 1 लाख 80 हजार वर्गणी जमली. मी म्हटलं, लॉन पावसाळ्यात लावू. "काका, तोवर लोकांचा उत्साह जातो," असं उत्तर मिळालं आणि अक्षय तृतीयेला गवताचे गालिचे अंथरले गेले. माळव्याची काळी माती तेव्हा भेगाळून वाट बघत असते, पाणी ओतलं की कुठे जातं तेच कळत नाही. महिन्याभरात बोअर आटलं. मग एक दिवसाआड टँकर. जूनमध्ये पाऊस आला तोवर गवत पिवळं पडून मेलं होतं, आणि त्याच्या जागी लव्हाळा असा माजला की माळ्याने हात जोडले. खात्यात 4 हजार शिल्लक, माळ्याचे दोन पगार थकलेले.

तेव्हापासून माझा नियम एकच. वर्गणी आली की आधी माळी, वीजबिल आणि मोटार यांचा वर्षाचा खर्च काढून बाजूला ठेवायचा. उरेल त्यात हौस. आणि जमीन दोन-तीन पावसांनी मऊ झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. यावर मला कंजूष म्हणतात. म्हणू देत.

दुसरी चूक जिवावरची, दिव्याच्या खांबांची. एका जुलैत कोपऱ्यातल्या खांबापाशी कुत्रा पाय वर करायचा आणि केकाटत पळायचा. दोन दिवस पोरं हसत होती. तिसऱ्या दिवशी मी टेस्टर लावला, दिवा पेटला! खांबाची खालची झडप उघडली तर तारेच्या जोडावर साधी चिकटपट्टी, अर्थिंगची तार हवेत, आणि जोड घोट्याएवढ्या उंचीवर, म्हणजे साचलेल्या पाण्यात. बसवणारा तेव्हा म्हणाला होता, "टेंशन मत लो भिया, चलेगा." चाललं, पण लोखंडातूनही.

आता सगळे जोड गुडघ्याच्या वर बंद डब्यात आहेत, प्रत्येक खांबाला अर्थिंग आहे आणि मुख्य पेटीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप पडणारा खटका. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. दर 1 तारखेला मी ते स्वतः दाबतो. खटका पडला नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बगीचा अंधारात, मग कुणी कितीही कुरकुर करो.

ओटा, मंडप, देऊळ काहीही बांधण्याआधी जागेखाली काय आहे ते विचारा. आपल्या गावाला हे सांगावं लागू नये. 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात बावडीवरचा, म्हणजे जुन्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळून 36 माणसं गेली. आमच्याकडे बोअरच्या जुन्या खड्ड्यावर फरशी टाकून बाक ठेवायचा बेत होता. वस्तीतल्या सगळ्यात जुन्या आजींनी बोट दाखवलं म्हणून कळलं. तो आधी तळापासून वरपर्यंत भरून घेतला, बाक दुसरीकडे गेला.

झोपाळ्याखाली काँक्रीट घालू नका, वाळू घाला. साखळीचा वरचा आकडा निम्मा झिजला की बदला. तो फोटोत दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही.

कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून कुंपणाला लावायचा मोह होतो. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली. झटपट वाढणाऱ्या झाडांचा मला असाही राग आहे. कडुनिंब लावा आणि थांबा.

रोख वर्गणी पावतीशिवाय घेऊ नका, घरातल्या माणसाकडूनही.

आणि निगमाकडची, म्हणजे महापालिकेकडची, तक्रार वस्तीच्या ग्रुपवर टाकून "कुणी बघतंय का?" असं विचारू नका. तिथे फक्त अंगठे मिळतात. इंदौर 311 ॲपवर फोटोसकट नोंदवा, क्रमांक वहीत उतरवा, आठ दिवसांनी तोच क्रमांक घेऊन झोन कार्यालयात जा. सकाळी लवकर गेलात तर बरं, अकरानंतर साहेब फिल्डवर असतात.