बॉल हातात नसतो तेव्हा

बारावीचा निकाल लागला की इंदूरमधल्या आमच्या बास्केटबॉल कोर्टवर नव्या मुली यायला लागतात, सोबत आई नाहीतर बाबा. प्रश्न एकच असतो : "ताई, कॉलेजच्या टीममध्ये हिचं होईल का?" रामबागेतून सायकल मारत मीही असाच प्रश्न घेऊन आले होते. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मोठ्या मॅचेस बघतच माझं शाळकरी वय गेलं. पुढे विद्यापीठाकडून खेळले आणि आता मुलींना शिकवते. इतक्या वर्षांत जे पक्कं पटलंय, ते इथे सांगते.

पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या निवड चाचणीत मी भरपूर पॉइंट केले होते. यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. दोन दिवस घरी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून सरांना विचारायला गेले. ते म्हणाले, "बॉल हातून सुटला की तू उभी राहून बघत बसतेस." बस, एवढंच. तेव्हा राग आला होता. आज मी माझ्या मुलींना पहिल्याच दिवशी एक हिशेब करायला लावते. मॅच 40 मिनिटांची, कोर्टवर 10 जणी, बॉल एक. अगदी सारखी वाटणी केली तरी एकीच्या वाट्याला येतात 4 मिनिटं. उरलेल्या 36 मिनिटांत तू काय करतेस? निवड करणाऱ्यांचं लक्ष तिथेच असतं.

रिबाउंडचंच घ्या, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं. शॉट सुटला की सगळ्यांच्या माना वर होतात, आणि घात तिथेच होतो. आधी आपण जिला अडवतोय ती समोरच्या टीमची खेळाडू शोधायची. ती कुठे आहे ते हाताने चाचपायचं, पाय रोवून वळायचं, गुडघे वाकवून कंबर खाली न्यायची, पाठीला ती लागली पाहिजे, आणि मगच बॉलकडे बघायचं. हा बॉक्स आउट पहिले पंधरा दिवस मी बॉलशिवायच करून घेते. मुली कंटाळतात. पण उंचीने कमी असलेली मुलगी उंच मुलीला रिंगपासून दूर ठेवू शकते ती यानेच.

छोट्या गोष्टींचा हा आग्रह मोठमोठ्या प्रशिक्षकांनीही धरलेला आहे. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाच्या टीमचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या काळात 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ते सीझनच्या सुरुवातीला मोजे आणि बूट नीट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर तर हे दुप्पट खरं आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांची सवय मी जशीच्या तशी उचलली आहे : बास्केट करणारीने पास देणारीकडे बोट दाखवायचं. महिनाभरात टीममधलं बोलणंच बदलतं, मी पाहिलंय.

शाळेतून आलेल्या मुलींची आणखी एक अडचण म्हणजे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ. शाळेत तो बहुतेक ठिकाणी नसतो, त्यामुळे बॉल फिरवत राहायची सवय लागलेली असते. पुढे 8 सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं आणि 24 सेकंदांत शॉट घ्यायचा. बॉल रिंगला लागून पुन्हा आपल्याच हाती आला तर 14च सेकंद मिळतात. आम्ही मोठ्याने मोजत खेळतो, म्हणजे ते अंगात भिनतं.

आता दुखापतीबद्दल, आणि हे आयांनीही वाचावं. दुसऱ्या वर्षी एका शिबिरात माझा घोटा मुरगळला. तिथल्या प्रशिक्षकांनी पट्टी बांधून खेळायला उतरवलं, आणि मीही नाही म्हटलं नाही. आठवड्याचं दुखणं दोन महिन्यांवर गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही. तुम्ही मात्र नाही म्हणा. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत होण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून उडी मारायला शिकण्याआधी उतरायला शिका : दोन्ही पायांवर, गुडघे वाकलेले, आणि ते आतल्या बाजूला झुकता कामा नयेत. पायऱ्यांच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरत आरशासमोर सराव केला तरी चूक दिसते.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. संध्याकाळी पाच वाजता जा. रिंगला जाळी आहे का, कोर्टवर कोणी घाम गाळतंय का, टीम गेल्या वर्षी कुठे खेळायला गेली होती, हे तिथल्या मुलींनाच विचारा. प्रवेश नियमित विद्यार्थी म्हणूनच घ्या. प्रायव्हेट फॉर्म भरून परीक्षा देणाऱ्यांना विद्यापीठाकडून खेळता येत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग देवी अहिल्या विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, असा हा रस्ता आहे. स्पर्धा आणि परीक्षा एकमेकींवर आल्या तर विभागप्रमुखांना आधी लेखी अर्ज द्या. परत आल्यावर सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

"खेळून पोट भरेल का?" हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. फक्त खेळावर विसंबू नका, पदवी नीट करा. ग्वाल्हेरला 1957 साली सुरू झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, प्रशिक्षक व्हायचं तर पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती असते.

आणि कागदपत्रं. जन्मतारखेसाठी दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, प्रवेशाची पावती, आधार, फोटो. माझी एक चांगली गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी खेळाडू, मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं म्हणून संघ निघाला तेव्हा स्टेशनवरून परत गेली. दोन्हींवरची स्पेलिंगं आज रात्रीच ताडून बघा. दुरुस्तीला महिने लागतात.