एमएएसच्या बाळाचा सीआरपी वाचताना

बालरोग विभागात नव्याने रुजू झालेल्या आणि थीसिससाठी मेकोनियम ॲस्पिरेशन सिंड्रोममधील (एमएएस, म्हणजे बाळाने पोटातच केलेली पहिली शी, मेकोनियम, श्वासावाटे फुप्फुसात जाण्याचा आजार) दाहाचा आणि तो दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीचा विषय घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. विषय चांगला आहे. मात्र तो सोपा समजून घेऊ नका. देवास, धार, खरगोनकडून रेफर झालेली बाळे इंदूरला येत असल्यामुळे इथे रुग्णांची वानवा नसते. वानवा असते ती नीट नोंदींची.

वायुमार्गातील अडथळा, निकामी होणारे सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारा थर) आणि पीपीएचएन (नवजाताच्या फुप्फुसातील रक्तदाब चढाच राहणे) हे तुम्हाला पाठ असेलच. थीसिसचा गाभा त्यापुढे आहे. मेकोनियम बहुधा निर्जंतुक असते, तरीही त्यातील पित्ताम्ले, मेदाम्ले आणि फॉस्फोलायपेज ए2 फुप्फुसाच्या पेशींना थेट इजा करतात. रक्तातील संरक्षक प्रथिनांची कॉम्प्लिमेंट यंत्रणा कार्यान्वित होते, टीएलआर-4 आणि सीडी-14 या रिसेप्टरांमार्फत मॅक्रोफेज (भक्षक पेशी) चेतवले जातात आणि आयएल-1 बीटा, आयएल-6, आयएल-8, टीएनएफ-अल्फा हे सायटोकाइन, म्हणजे दाहाचे संदेशवाहक, स्रवू लागतात. आयएल-8 च्या ओढीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही तासांतच वायुकोशांत गर्दी करतात. परिणामी एकही जंतू नसताना रक्ताचा रिपोर्ट सेप्सिससारखा (रक्तातील जंतुसंसर्गासारखा) दिसू शकतो.

सापळा इथेच आहे, आणि त्यात मी इतका काळ अडकून होते की आजही कुणी नुसता सीआरपी सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘कितव्या तासाचा?’ आयएल-6 आधी वाढतो, त्याच्या प्रभावाने यकृत सीआरपी तयार करते, आणि म्हणून सीआरपी ठळकपणे वाढायला साधारण 10 ते 12 तास लागतात. तो शिखर गाठतो 36 ते 48 तासांच्या सुमारास, आणि तोवर आयएल-6 बहुधा ओसरू लागलेला असतो. त्यामुळे सहाव्या तासाचा 3 आणि तिसाव्या तासाचा 40 हे आकडे एकाच बाळाचे, एकाच आजाराचे असू शकतात. प्रोकॅल्सिटोनिन ही संसर्गाची दुसरी रक्ततपासणीही सुटका करत नाही, कारण निरोगी नवजातातसुद्धा ते पहिल्या दिवसभरात वाढते आणि मग दोन-तीन दिवसांत उतरते. न्यूट्रोफिलची संख्या जन्मानंतर 12 तासांच्या आसपास आपोआपच चढलेली असते. कूलिंगवरच्या (मेंदूच्या बचावासाठी शरीर थंड ठेवलेल्या) बाळांत सीआरपीचा चढ लांबतो, तेव्हा त्यांचा गट वेगळाच ठेवा. ‘दाखल होताना’ घेतलेले नमुने एकत्र करून सरासरी काढली, तर ती सरासरी आजाराची नसून ॲम्ब्युलन्सला लागलेल्या वेळेची ठरते.

रेफरल चिठ्ठीवर जन्माची तारीख असते, वेळ बहुधा नसते किंवा वाचता येत नाही. घरच्यांना विचारा. पत्रिकेसाठी आजीने मिनिटासकट वेळ लिहून ठेवलेली असते, आणि ‘बाळानं पोटात शी केली होती हो’ हे सांगताना पाणी हिरवट होते की घट्ट, हेही तीच सांगते.

सीनियरकडून पेनड्राइव्हवर मिळणाऱ्या जुन्या प्रोफॉर्मावर (नोंदींच्या छापील तक्त्यावर) माझा मुळीच विश्वास नाही. त्यात नमुना घेतल्याच्या तासाचा रकानाच नसतो. गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी पाहू नका. रात्री फोन उचलणारा गाईड मिळाला तर नशीब समजा.

वाढलेला सीआरपी पाहून अँटिबायोटिक चढवत नेण्याची सवय वाईट आहे. एमएएसमध्ये सरसकट अँटिबायोटिक देण्याचा फायदा चाचण्यांतून दिसलेला नाही. याचा अर्थ आजारी बाळाला औषध रोखून धरावे असा अजिबात नाही: आईला ताप असेल, पाणी फार आधी फुटले असेल किंवा बाळ कोसळत असेल तर कल्चर पाठवा आणि लगेच सुरू करा. बंद करण्याचा निर्णय मात्र बाळाची स्थिती आणि कल्चर पाहून घ्या, एकट्या सीआरपीवर नको. पहिल्या महिन्यांत हे ठरवताना हात थरथरतात. सगळ्यांचेच थरथरतात, आणि राउंडला रोज बोलत राहिले की सरावते.

सायटोकाइन मोजायचेच असतील तर सीरम लवकर वेगळे करून उणे 80 अंशांवर ठेवण्याची सोय आणि फ्रीजरला वीज गेल्यावरचा बॅकअप सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) देण्यापूर्वीच पाहून घ्या. ते नसेल तर सीआरपी आणि न्यूट्रोफिल ठरावीक तासांना मोजण्यावरच थीसिस करा आणि आपल्याच लेबर रूममध्ये जन्मलेली बाळे घ्या. तीन किलोच्या बाळात एकूण रक्त जेमतेम 250 मिली असते. ठरलेल्या वेळच्या रुटीन तपासणीतच हे नमुने बसवता आले, तर एथिक्स कमिटीपुढे जास्तीच्या टोचणीचे समर्थन करत बसावे लागत नाही.