एक्सपीवर आयएसओ फाइल उघडली ती अशी

उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालतो. मशीनला जोडलेला आहे, म्हणून बदलता येत नाही. त्याचा सीडी ड्राइव्ह बंद पडला. नशिबानं मूळ सीडीची आयएसओ फाइल मी घरी काढून ठेवली होती. पेन ड्राइव्हवरून आणली, डबल क्लिक केलं, तर ती कशात उघडायची हेच कॉम्प्युटरला कळेना.

आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी प्रत. विंडोज ८ पासून ती थेट उघडते. एक्सपी आणि ७ मध्ये ती सोय नाही. आधी सेव्हन-झिप या फाइली उकलणाऱ्या प्रोग्रॅमनं फाइल उकलली. आतलं सगळं दिसलं, पण सेटअप सीडीच मागत अडून बसला. मग व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह या खोटा सीडी ड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती टाकली. माय कॉम्प्युटरमध्ये नवा ड्राइव्ह आला. त्यावर राइट क्लिक करून माउंटमधून (म्हणजे सीडी घातल्यासारखी) फाइल निवडली आणि सेटअप सुरू! आप्पा म्हणाले, "झालं की लेका!"

डीव्हीडीची फाइल ४ जीबीहून मोठी असेल, तर फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ती जातच नाही, जागा कितीही रिकामी असो. आतला डेटा काढून घेऊन पेन ड्राइव्ह नव्या कॉम्प्युटरवर एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा.