वणव्याच्या भागातल्या घरासाठी बाहेरचं मटेरियल कसं निवडावं

मटेरियल बघायला गेलात की तुमच्यासमोर आधी भिंतीवर लावायच्या क्लॅडिंगचे नमुने येतील. ते बाजूला ठेवा. खर्चाचा क्रम असा धरा: छप्पर, वळचण आणि झरोके, पन्हळ, भिंत, खिडक्या, आणि शेवटी घराला चिकटलेलं बाकी सगळं. हा क्रम उलटा करून भिंतीवर सगळे पैसे घालवलेली घरं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी आधी भिंतीबद्दल विचारलं की मी सरळ अडवतो.

कारण साधं आहे. वणव्यात जळालेली बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीमुळे पेटलेली नसतात, उडून आलेल्या ठिणग्यांमुळे पेटलेली असतात. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात खरे वणवे पेटवून त्यांच्यासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. ठिणगी मात्र एक-दोन किलोमीटर सहज उडत येते आणि पाचोळा, फट, घरटं असं काहीतरी शोधते.

छप्पर. क्लास ए, म्हणजे आगीच्या चाचणीतल्या सगळ्यात वरच्या दर्जाचंच घ्या. मातीची किंवा काँक्रीटची कौलं, स्लेट, पोलादी पत्रा, काँक्रीटचा स्लॅब, सगळं चालतं. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हा दर्जा नुसत्या मटेरियलचा, की खालच्या थरासकट सगळ्या जोडणीचा? जोडणीचा असेल तर खालचा थर गाळून चालत नाही. तो गाळला की क्लास ए फक्त कागदावर उरतो. लाकडी फळ्यांचं छप्पर, त्यावर आगरोधक औषध मारलेलं असलं तरी, मी सुचवत नाही. आणि आकार साधा ठेवा. दोन उतार मिळतात त्या खाचेत पाचोळा साचतोच.

वळचण आणि झरोके. मी इथेच चुकलो होतो, तेही दोनदा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं घर नळीच्या कौलांचं होतं. छप्पर उत्तम, भिंती विटांच्या, वर जाड गिलावा. वळचणीला कौलांच्या पहिल्या ओळीची तोंडं मात्र उघडीच राहिली, कारण ती बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. काही वर्षांनी समोरच्या टेकडीवर वणवा लागला. ज्वाळा घराच्या जवळपासही आल्या नाहीत. संध्याकाळी मालक अंगणात उभे होते, त्यांना वळचणीतून बारीक धूर निघताना दिसला. शिडी लावून कौल उचललं तर आत चिमणीचं घरटं, अर्ध्याहून अधिक काळं पडलेलं. त्याखालची रीप वीतभर कोळशासारखी झाली होती. एक बादली पाणी पुरलं, कारण माणूस घरी होता. तेव्हापासून कौलांची पहिली ओळ बसली की तोंडं सिमेंटच्या मसाल्याने भरल्याशिवाय मी गवंड्याला खाली उतरू देत नाही. नागमोडी पत्र्याच्या टोकालाही तीच फट असते. तिथे फोमची पट्टी नको, पत्र्याची किंवा मसाल्याची बंदिस्ती हवी.

दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या टोकाला गेलो. पोटमाळ्याच्या झरोक्यांना डासांच्या जाळीइतकी बारीक जाळी लावली. रंगाऱ्याने तिच्यावरूनच ब्रश फिरवला, उरलेली भोकं धुळीने भरली. दोन पावसाळ्यांत पोटमाळ्यात कोंदट वास सुटला आणि वाशांवर बुरशी धरली. आग रोखायच्या नादात मी छपराचा श्वासच बंद केला होता.

म्हणून जाळीचा आकार अंदाजाने ठरवू नका. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत झरोक्याच्या जाळीचं भोक साधारण १.६ ते ३.२ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायला सांगितलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मानकात कमाल मर्यादा २ मिलिमीटर आहे. मी २ च्या आसपास राहतो आणि जाळी दरवर्षी ब्रशने झाडायला सांगतो. जाळी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचीच घ्या. नायलॉनची किंवा प्लास्टिकचा लेप असलेली जाळी उष्णतेने वितळते, मग तिथे जाळी नसल्यातच जमा.

जाळी लावली म्हणजे सुटलो असंही समजू नका. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं आणि तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेने ठिणग्या उडवणारं यंत्र बनवून चाचण्या केल्या. जाळीला अडकलेला निखारा विझत नाही, तो तिथेच जळत लहान होतो आणि भोकातून जाण्याइतका झाला की आत पडतो, असं त्यांना दिसलं. म्हणून पोटमाळ्यात झरोक्याच्या आतल्या बाजूला खोकी, जुने कागद, कपड्यांची गाठोडी ठेवू नका. नवीन घर असेल तर ठिणगी आणि ज्वाळा या दोन्हींच्या चाचणीत उतरलेले झरोके घ्या. त्यांच्यातल्या काहींच्या आत तापल्यावर फुगून भोकं बुजवणारा लेप असतो.

वळचणीखाली वाशांची टोकं उघडी ठेवायची हौस असेल तर ती सोडा. त्या खणांत गरम हवा आणि ठिणग्या दोन्ही कोंडतात. खालून फायबर सिमेंटचा बोर्ड मारून वळचण बंद करा. पीव्हीसीच्या पट्ट्या मारू नका. हे मटेरियल ७५-८० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. पट्टी लोंबते, गळून पडते आणि पोटमाळ्याकडे सरळ वाट मोकळी होते.

पन्हळ. धातूची. प्लास्टिकची पन्हळ आतल्या पाचोळ्यासकट पेटून भिंतीच्या पायाशी पडते. धातूची जागेवर टिकते, पण त्यामुळे आतला पाचोळा छपराच्या काठाला लागूनच जळत राहतो. म्हणून काठावर पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी, हवंच, आणि पन्हळ साफ हवी.

भिंत. वीट, दगड, सिमेंटचा गिलावा, फायबर सिमेंट, यातलं परवडेल ते. विनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं क्लॅडिंग नको. जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर भिंत न जळणाऱ्या मटेरियलचीच असावी, कारण उडालेल्या ठिणग्या वाऱ्याने तिथेच गोळा होतात. पत्र्यासारखं दिसणारं पॅनल घेताना त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीवरच्या पॅनलांचे पत्रे ॲल्युमिनियमचे होते, आत पॉलिएथिलीन, म्हणजे पेटणारं प्लास्टिक होतं. २०१७ च्या त्या आगीत ७२ माणसं गेली. ती आग वणव्याची नव्हती, पण पॅनल निवडताना विचारायचा प्रश्न तोच. आणि लाकडी भिंतीवर आगरोधक रंग मारून निभावून नेऊ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ऊन-पावसात तो लेप कमजोर होत जातो आणि वरून बघून ते कळत नाही.

खिडक्या. चौकटीच्या आधी काच तडकते. दुहेरी काच घ्या, निदान बाहेरची टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली हवी.

घराला चिकटलेलं बाकी सगळं. भिंतीपासून १.५ मीटरच्या पट्ट्यात खडी, फरशी किंवा काँक्रीट. झुडपं नकोत, सरपण नको, सालींचा भुगा नको. लाकडी कुंपण घराला येऊन टेकत असेल तर शेवटचा गाळा धातूचा करा, नाहीतर आग कुंपण धरून घरापर्यंत चालत येते. लाकडी डेक जिथे भिंतीला मिळतो तिथे पत्र्याचं फ्लॅशिंग लावा, आणि डेकखाली सामान साठवू नका.

काम ताब्यात घेताना शिडी मागा आणि खिशात साधी पेन्सिल ठेवा. वळचण, झरोक्याची चौकट, पाइप भिंतीतून बाहेर येतो ती जागा, गॅरेजच्या दाराचा तळ, सगळीकडे फिरा. पेन्सिलीचं टोक आत गेलं की खुणेचा खडू मारा आणि मिस्त्रीकडून ती फट तिथल्या तिथे मसाल्याने, पत्र्याने किंवा दाराला सीलची पट्टी लावून बुजवून घ्या. हीच फेरी एका पावसाळ्यानंतर पुन्हा मारा. तोवर मसाला आकसलेला असतो आणि पहिल्या वेळी बंद असलेल्या दोन-चार जागा उघडलेल्या सापडतात.